आठवा खांदा

मी एक जुनी तिरडी आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यावर निजणारा दर वर्षी तिसऱ्या दिवशी उठतो, त्यामुळे माझ्याकडे रडारड फार टिकत नाही.

पिएत्रासोला नावाच्या गावच्या डोंगरावर वीज पडून एक अक्रोड कोसळला, त्यातून एका सुताराने मला घडवलं. तेव्हापासून गुड फ्रायडेच्या दुपारी माझ्यावर ख्रिस्ताची लाकडी मूर्ती ठेवतात. त्या दिवशी शोक म्हणून चर्चच्या घंटा बांधलेल्या असतात, नुसती लाकडी टाळी खडखडते. आठ जण मला उचलतात. माझ्या दांड्यांवर आठ घरांच्या आठ जागा आहेत. बापामागून मुलगा त्याच जागी खांदा देतो. इतक्या पिढ्यांनी तिथे आठ खळगे पडलेत. डोळे मिटूनही मी सांगेन, कुठल्या घराचा खांदा आला. मला डोळे नाहीत, तरीही.

खांदेकरी पांढरे झगे घालतात, आणि डोळ्यांपुरती दोन भोकं ठेवून तोंड झाकणारी टोकदार टोपी. आत कोण आहे हे विचारायचं नाही, असा नियम आहे. पुण्यकर्माचा तोरा मिरवता येऊ नये म्हणून. अर्थात बुटांवरून सगळ्यांना सगळं कळतं.

एकेकाळी माझ्यापायी भांडणं व्हायची, मित्रांनो! आजारी माणूस अंथरुणातून उठून यायचा. मग तरुण मंडळी तुरीनला, जर्मनीला गेली. वर्षभर मी वेदीमागे धूळ खात पडू लागले. शेवटी सातच म्हातारे उरले, कारण चौथ्या जागेचा नाझारेनो वारला. त्याला त्याच्या झग्यातच पुरलं. मुलगा एजिदिओ फोनवर म्हणाला, रजा मिळत नाही.

सात खांद्यांवर मी उठत नाही. आणि ज्या वर्षी मी उठणार नाही, त्या वर्षी शहरातल्या संग्रहालयाची गाडी मला न्यायला येणार, हे ठरलेलं होतं.

त्या शुक्रवारी खांदेकऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख, न्हावी क्विरिनो, टोप्यांची टोकं मोजू लागला. आठ भरली. त्याने पुन्हा मोजली. आठच. बुटांचे जोड मात्र सात. आठवा अनवाणी होता.

"काय भक्ती!" लोक म्हणाले.

माझ्या चौथ्या खळग्यात एक खांदा येऊन बसला. थंडगार, ओल्या मातीच्या वासाचा. उचलण्याआधी त्याने बोटाच्या पेराने माझ्यावर तीनदा टकटक केलं. नाझारेनो जन्मभर तसंच करायचा आणि म्हणायचा, "चल गं म्हातारे."

तीन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी पावसाने पायऱ्या ओल्या होत्या. उमटलेली पावलं सातांचीच. चौथ्या कोपऱ्यात मी कलू लागले. त्याचा खांदा थकला होता. मागून चालणाऱ्या नाझारेनोच्या बायकोने, एर्सिलियाने, ते पाहिलं.

पुढच्या वर्षी शुक्रवारच्या आदल्या दिवशी ती चर्चमध्ये आली. क्विरिनो माझी धूळ पुसत होता.

"क्विरिनो, आठवा कोण असतो रे?"

"विचारायचं नसतं, एर्सिलियाकाकू."

"बूट का नसतात त्याला?"

"नवस असेल."

"डोंबलाचा नवस! मी त्याला कोरे करकरीत बूट घालून पुरलंय. चावतात म्हणून काढले असतील मेल्याने."

क्विरिनोने फडकं खाली ठेवलं. "मग मी काय करू? ही उठली नाही तर उद्या गाडी दारात. आणि आठवा जिवंतच हवा असं नियमात कुठे लिहिलंय?"

"अरे, मेलेल्याला तरी सुट्टी द्याल की नाही? मी देते खांदा."

"बाईने खांदा द्यायचा नाही, हे मात्र लिहिलंय."

"आत कोण ते विचारायचं नाही, हेही लिहिलंय ना?"

क्विरिनोने फडकं उचललं आणि मला जोरजोरात घासलं, जणू नियम मीच केले होते.

शुक्रवारी त्याने टोकं मोजली. नऊ. या वेळी पुन्हा मोजली नाहीत. चौथ्या जागेशी दोघं उभे होते. एक बुटका, लग्नातल्या चादरीचा झगा शिवून घातलेला. दुसरा अनवाणी.

"नाझारेनो, घरी जा," बुटक्या टोपीतून आवाज आला. "मी आहे इथे."

थंड हात माझ्या लाकडावर क्षणभर टेकला. मग निघून गेला. तिने पेराने तीनदा टकटक केलं. "चल गं म्हातारे," ती पुटपुटली. मी उठले, मित्रांनो. चौथ्या खळग्यात ऊब होती, जरा खालच्या बाजूला. मी कलले, पण पडले नाही. पायरीपायरीला तिला धाप लागत होती, तरी वेदीपर्यंत तिने खांदा काढला नाही. गाडी आली नाही.

ईस्टरच्या रविवारी घंटा सुटल्या. सकाळी चर्चच्या पायरीवर बुटांचा एक जोड होता. कोरा, तळाला कबरीची माती.

"परत केलेच शेवटी," एर्सिलिया म्हणाली आणि शालीने डोळे पुसल्यासारखं करत तिने त्याच शालीने बूट पुसले.

तो जोड आता माझ्याखाली ठेवलाय. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी धूळ खात असेल. खांदा आहे तोवर द्या. मेलेल्यांवर किती दिवस ढकलणार? सातही जण थकलेत, एर्सिलियाही थकली आहे. कोणी आलंच, तर बूट तयार आहेत.

थोडे चावतात, एवढंच.