मावेतेच्या उशाशी

मावेते पुन्हा पाण्यात पडली. कसाव्याची मुळं भिजत घातलेल्या डबक्याच्या काठी, भर दुपारी, मूळ सोलता सोलता तिचे डोळे मिटले. शेजारच्या मयुंगूने दंड धरून तिला बाहेर ओढलं.

"काय गं, नवरा रात्री झोपू देत नाही वाटतं?" मयुंगू ओरडली. बायका खिदळल्या.

रात्री झोपच येत नाही, हे कुणाला सांगावं? रात्रभर ती छपराकडे बघत बसे आणि उजाडलं की अंगातलं बळ निथळून जाई. गावाने आळशी म्हटलं, तेही तिने सोसलं. नवरा किकवेता तेवढा तिची बाजू घ्यायचा. "थकलीय ती," म्हणायचा. तेवढ्यावर ती तगून होती.

त्याच दुपारी तपासणीचं पथक गाडी घेऊन आलं. सगळा गाव गोळा झाला. परिचारक लुकोंबोने तिची मान चाचपली, वहीत नाव पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोरड्या दिवसांत तुझ्या रक्तात दोष निघाला होता, बाई. दवाखान्यात ये म्हणून नवऱ्याच्या हाती चिठ्ठी दिली होती मी. पाच महिने होतीस कुठे?"

मावेतेने नवऱ्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"अगं, औषध घेतलं की सहा महिने ऊन नको, कुदळ नको, नवऱ्याजवळ निजणं नको, असं म्हणतात ना," तो पुटपुटला. "म्हटलं, लागवड उरकू दे, मग सांगू."

"ही कुठली खुळं घेऊन बसलास?" लुकोंबो चिडला. "आता दहा दिवसांच्या गोळ्या असतात. झोपेचा आजार आहे हा. माशी चावून अंगात आलेले जंतू हिच्या मेंदूपर्यंत गेलेले दिसतायत. आता ऊठ, आता नीज, हे अंगाला सांगणारी जागा तिथे खोलवर असते. तिचाच गोंधळ उडालाय. झोप वाढलेली नाही हिची, झोपेचे तुकडे झालेत."

म्हणजे "थकलीय ती" म्हणताना दर वेळी त्याला ठाऊक होतं. मावेते लुकोंबोकडे वळली.

"बरी होईन का मी?"

"होशील. पण गोळी भरल्या पोटीच घ्यायची, आणि तू तर घास तोंडात असताना झोपशील. आत्ताच गाडीतून दवाखान्यात चल, पण उठवून भरवणारं माणूस सोबत पाहिजे. कोण येतंय?"

"मी आहे ना," किकवेता लगबगीने पुढे झाला.

"तू नको," मावेते म्हणाली. "झोप मला कधी घेरेल ते माझ्या हातात नाही. उशाशी कोण बसणार, एवढं तरी मी ठरवीन." मग तिने मान वळवली. "मयुंगू, येशील?"

"मी? मुस्काटात मारून उठवीन हं तुला!"

"मार. पण उठव."

मयुंगूने कमरेच्या कापडाला ओले हात पुसले आणि गाडीत आधी तीच चढली.