थॉर्नगिलची मतदानाची कॅराव्हॅन

मित्रांनो, माझ्या खिडकीवर शेवाळ आहे, दाराची कडी जरा ओढून घ्यावी लागते आणि छताला एका कोपऱ्यात गळती आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तक्रार करणाऱ्यांनी ती बाहेर करावी, आत येऊन करू नये. मी एक जुनी कॅराव्हॅन आहे. मोटारीमागे जोडून ओढत नेतात ते चाकांवरचे घर. माझा जन्म हल शहरातल्या एका कारखान्यात झाला, तेव्हा मला फुलाफुलांचे पडदे होते आणि एका माणसाला पुरेल एवढी शेगडी होती.

मला हिल्डा ऑल्डरसन आणि तिच्या नवऱ्याने विकत घेतले. हिल्डा मेंढ्या पाळते. मेंढ्यावाल्यांना सुटी कुठली? तरीही दरवर्षी एकदा ती दोघे मला ओढत समुद्रकाठी न्यायची. मी तिथे वाऱ्यात उभी राहायची आणि ती दोघे माझ्या आत बसून घरी मेंढ्या कशा असतील याची काळजी करायची. नवरा गेल्यावर सहली थांबल्या. मग मी हिल्डाच्या गोठ्यामागे उभी राहिले. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या. चांगल्या घरची कॅराव्हॅन मी, पण कोणापाशी बोलणार?

नशीब पालटले ते गावचे प्रार्थनाघर विकले गेले तेव्हा. आमच्या थॉर्नगिलमध्ये मतदान नेहमी तिथेच होई. ते विकले गेल्यावर नगर परिषदेने ठरवले की थॉर्नगिलच्या लोकांनी मत द्यायला खाली मार्टनब्रिजला जावे. दरीतून मार्टनब्रिजला बस जात नाही. हिल्डा परिषदेत गेली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "माझी कॅराव्हॅन आहे. ती उभी करा. नाहीतर मीच तुमच्या दारात उभी राहीन."

तेव्हापासून दर निवडणुकीला मला गावाच्या मधल्या हिरवळीवर उभे करू लागले. माझ्या आत लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि मतपेटी. सकाळी दारावर पाटी लागायची, 'मतदान केंद्र'. लोक चिखलाचे बूट पायपुसण्यावर घासून आत यायचे आणि माझ्यात शिरल्यावर आवाज खाली आणायचे. मित्रांनो, आयुष्यात तेवढाच मान मला मिळाला आणि तो मला पुरेसा होता.

आता त्या नोव्हेंबरची गोष्ट सांगते. आठवली की अजून माझ्या पत्र्याचा संताप होतो.

आमच्याकडे जिल्ह्याच्या पोलिसांवर देखरेख करणारा आयुक्त लोकांनी मत देऊन निवडायचा असतो. त्या वर्षी वसंतात हिल्डाच्या मेंढ्या चोरीला गेल्या. कळपातल्या निम्म्याहून अधिक, गाभण, एका रात्रीत. तिने पोलिसांना फोन केला. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात तिला तक्रारीचा एक क्रमांक दिला. पोलीस मात्र आला नाही. आमची चौकी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती आणि ज्याच्या हाती ती होती, तो डेनिस रॅथमेल आता निवृत्त होऊन घरी गुलाब लावत होता.

हिल्डा त्याच्याकडे गेली. "डेनिस, तू उभा राहा," ती म्हणाली. "या दरीला एक पोलीस हवा. दुसरं काही मागत नाही मी."

"अगं, मी कुठला निवडून येणार?"

"नको येऊस. पण चार मतं पडली तर वरच्यांना कळेल की आम्ही मेलो नाही अजून."

डेनिस कबूल झाला. उमेदवाराच्या अर्जावर शंभर मतदारांच्या सह्या लागतात. शरद ऋतूत मेंढ्यांचा बाजार भरतो तेव्हा सगळी दरी एका जागी गोळा होते, म्हणून हिल्डाने मला बाजारात नेऊन उभे केले. किटलीत चहा आणि ताटलीत आल्याचा केक. लोक आत यायचे, चहा प्यायचे आणि सही करायचे. कोणीही नाही म्हणाले नाही. शंभराहून कितीतरी अधिक सह्या झाल्या. मी तर मनात डेनिसला आयुक्ताच्या खुर्चीत बसवूनही टाकले.

पण मित्रांनो, आमच्या माणसांची एक खोड तुम्हाला सांगायची राहिली. ज्याच्याबरोबर चहा प्यायला त्याला ती नाही म्हणू शकत नाहीत. फार उद्धटपणा वाटतो त्यांना तो. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका उमेदवाराचा गुळगुळीत दाढी केलेला माणूस निम्म्या दरीत घरोघर फिरला होता. त्याने प्रत्येक घरी चहा घेतला, कुत्र्यांची चौकशी केली आणि सही मागितली. सगळ्यांनी दिली. मग बाजारात हिल्डाच्या चहालाही सगळ्यांनी सही दिली. आधी एक दिली आहे, हे हिल्डाला सांगायची सगळ्यांना लाज वाटली.

एका मतदाराने एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करायची असते. पहिला पोचेल त्याची सही धरतात. डेनिस स्वभावाने असा की आपण लवकर गेलो तर हावरे दिसू, म्हणून तो शेवटच्या दिवशी दुपारी अर्ज घेऊन गेला. कचेरीतल्या बाईंनी एकेक सही तपासली आणि निम्म्या खोडून टाकल्या. नव्या सह्या आणायला वेळ उरला नव्हता. अर्ज बाद झाला.

परत आल्यावर डेनिस माझ्या पायरीवर बसला. हिल्डा दारात उभी होती.

"सिरिलनेसुद्धा दोन्हीकडे केली?" तिने विचारले. सिरिल आयर म्हणजे गावच्या हिरवळीचा राखणदार. हिल्डाच्या ओळखीचा आणि डेनिसचा लहानपणापासूनचा मित्र.

"सिरिलनेसुद्धा."

"तो मेला मला सांगू शकत नव्हता?"

"त्याला तुला दुखवायचं नव्हतं गं."

हिल्डाने किटली उचलली आणि उरलेला चहा गवतावर ओतला. मला इतका राग आला की माझी खिडकी वाऱ्याशिवाय वाजली असती. सगळी भली माणसे आणि भलेपणानेच त्यांनी आपल्या माणसाचा घात केला.

हिल्डाच्या जागी दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. पण परिषदेचे पत्र आले होते की थॉर्नगिलला या खेपेला मते कमी पडली तर इथले केंद्र कायमचे बंद. म्हणून उमेदवार गेला तरी निदान केंद्र राहावे, असे तिने मनाशी धरले. आणि परिषदेच्या साहेबांवर छाप पडावी म्हणून तिने मला रंगवले. वर्षानुवर्षांचे शेवाळ खरवडून मला पांढरेशुभ्र केले, वर निळा पट्टा ओढला. मित्रांनो, मी किती खूश झाले काय सांगू! म्हातारपणी नवे लुगडे मिळावे तशी मी मिरवत हिरवळीवर गेले. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी हिल्डाने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने मला तिथे सोडले आणि ती मेंढ्यांकडे परतली. पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती.

थोड्या वेळाने सिरिल फिरायला आला. हिरवळीवर चाकांचे वळ पाहून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. थॉर्नगिलमध्ये सगळे मला ओळखतात, पण ओळखतात ते शेवाळलेल्या, करड्या अंगाच्या मला. ही पांढरी कोण? त्याला वाटले, बाहेरचे कोणी भटके लोक येऊन मुक्कामाला बसले. बसले असते तरी काय बिघडले असते, हा प्रश्न वेगळा. मी मनात ओरडले, 'सिरिल, अरे, तू माझ्या आत उभा राहून किती वेळा मत दिले आहेस!' पण कॅराव्हॅनचे ऐकतो कोण? तो घरी गेला आणि त्याने पोलिसांना फोन केला.

आणि पोलीस आले! वर्षभरात ज्या दरीत पोलिसाची टोपीसुद्धा फिरकली नव्हती, तिथे सिरिलचा चहा निवायच्या आत पोलिसांची गाडी आली, मागून मला ओढायला ट्रक आला. हिल्डा डोंगरावरून धापा टाकत खाली पोचली तेव्हा मला साखळी लावून झाली होती.

"काढा ती साखळी!" ती ओरडली. "हे मतदान केंद्र आहे!"

सार्जंट तरुण होता, नम्रही होता. "बाई, तसं कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"पाटी उद्या लागते. उद्या तुमच्याच साहेबांची निवडणूक आहे ना?"

"उद्याचं उद्या बघू, बाई. आज मला ही हलवायचा हुकूम आहे."

"माझ्या मेंढ्या गेल्या तेव्हा कुठे होता तुमचा हुकूम? मला फोनवर क्रमांक दिलात. क्रमांकाला लोकर असते का? त्याला कोकरं होतात का?"

सार्जंटने मान खाली घातली, पण साखळी काढली नाही. हिल्डा सिरिलच्या घरी फोन करायला धावली. दारात तो उभाच होता, तोंड उतरलेले.

"मला काय ठाऊक हिल्डा," तो म्हणाला, "तू तिला पांढरी केलीस म्हणून!"

मला मार्टनब्रिजच्या पोलीस आवारात नेऊन टाकले. तिथे मला कोणी काही विचारले नाही. परिषद म्हणाली पोलिसांना विचारा, पोलीस म्हणाले परिषदेचा कागद आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी थॉर्नगिलला आलेल्या मतदान अधिकारी बाईंनी कपाळावर हात मारला आणि आपल्या मोटारीच्या डिकीत मतपेटी ठेवून केंद्र उघडले. पाऊस पडत होता. लोक लांबून पाहायचे, हिरवळीवर कॅराव्हॅन नाही म्हणजे मतदान मार्टनब्रिजला हलवले असे समजायचे आणि घरी परत जायचे. तो कागद मिळून मला सोडवून आणले तोवर दुपार सरत आली होती.

पाटी लागली. दिवा लागला. माझ्या आत शेवटी आली ती हिल्डा. पेन्सिल घेऊन आडोशामागे ती बराच वेळ उभी राहिली. कागदावर डेनिसचे नाव नव्हते. तिने काय केले ते मी पाहिले आहे, पण सांगणार नाही. मतदान गुप्त असते आणि इतकी वर्षे मी तेच तर सांभाळले. एवढेच सांगते की बाहेर जाताना तिने माझ्या दाराला हात लावला आणि म्हणाली, "तुझा काही दोष नाही बाई."

मते अर्थातच कमी पडली. थॉर्नगिलचे केंद्र बंद झाले. मी परत गोठ्यामागे गेले. कोंबड्यांनी नवा रंग पाहिला आणि त्यावरच घाण केली.

मग हिवाळ्यात सिरिलचे गवत कापायचे यंत्र चोरीला गेले. बसून चालवायचे, त्याच्या जिवाचा तुकडा. त्याने फोन केला. त्यालाही गोड आवाजात एक क्रमांक मिळाला. तो कागदावर लिहून हिल्डाकडे आला आणि कागद त्याने तिच्यापुढे धरला. हिल्डाने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"सिरिल," ती म्हणाली, "ट्रॅक्टर आण."

त्यांनी मला ओढत हिरवळीवर नेले. सिरिलने स्वतःच्या हिरवळीवर चाकांचे वळ उमटताना डोळे मिटून घेतले. मग त्याने पोलिसांना फोन केला, की गावात एक अनोळखी पांढरी कॅराव्हॅन उभी आहे.

किटलीला आधण यायच्या आत तोच सार्जंट हजर झाला. दार उघडून पाहतो तो आत हिल्डा, सिरिल आणि डेनिस, टेबलावर चार कप आणि आल्याचा केक.

"परत तुम्हीच, बाई?"

"बसा," हिल्डा म्हणाली. "गारठला असाल. चहा घ्या."

तो बसला, चहाही प्यायला. तोही याच भागातल्या आईचा मुलगा असणार, कारण कप रिकामा झाल्यावर त्याला नाही म्हणता येईना. त्याने वही काढली. आधी सिरिलच्या यंत्राची हकिगत लिहून घेतली, मग हिल्डाच्या मेंढ्यांची, कानाच्या खुणेपासून सगळी. मग डेनिसने त्याला वरच्या रस्त्यावरचे ते फाटक दाखवले, जिथून रात्री गाड्या चढतात. फाटकावर आता कुलूप आहे. मेंढ्या काही परत आल्या नाहीत.

तेव्हापासून दरीत कोणाचेही काही गेले की लोक चोरीसाठी पोलिसांना फोन करत नाहीत. मला बाहेर काढतात आणि फोन करून माझीच तक्रार करतात. लोक हसतात आणि म्हणतात, हिल्डाची कॅराव्हॅन म्हणजे आमची चौकीच. मी मात्र हसत नाही. मी लोकांनी साहेब निवडावा म्हणून उभी राहणारी होते. आता साहेबाची माणसे यावीत म्हणून मला गुन्हेगारासारखी उभी करतात. हे माझ्या नशिबी का यावे?

पुन्हा निवडणूक येते आहे. डेनिस पुन्हा उभा राहतोय आणि या खेपेला हिल्डा चहा ओतण्याआधी प्रत्येकाला डोळ्यांत डोळे घालून विचारते, "दुसऱ्या कोणाला सही दिलीस का? खरं सांग, मी रागावणार नाही." ती रागावतेच, पण सह्या खऱ्या होतात. केंद्र परत मिळावे म्हणून तिने अर्ज केला आहे. उत्तर आलेले नाही.

म्हणून मित्रांनो, माझे एक ऐका. मला रंगवा, न रंगवा. शेवाळ पुन्हा चढू लागले आहे, त्याचे मला दुःख नाही. पण हिरवळीवर मी उभी दिसले तर खिडकीतून पाहून फोनकडे धावू नका. पायरी चढा, कडी जरा ओढून घ्या आणि आत या. पेन्सिल अजून दोरीला बांधलेली आहे.