चार थेंबांतला लाल किरण

फोल्करच्या वाइनघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ऱ्हाइनकाठचं निम्मं गाव बाकांवर खेटून बसलं होतं, आणि सगळ्यांचे डोळे अन्सगार नावाच्या पाहुण्या वैद्यांच्या दोन पेल्यांवर खिळले होते. साध्या पाण्याच्या पेल्यातून त्यांनी लेझरची बत्ती मारली. काहीच दिसेना. दुसऱ्यात आपल्या कुपीतले चार थेंब टाकले, अन् पाण्यातून लालभडक रेघ आरपार गेली!

"हे माझे नॅनोकण!" अन्सगार गरजले. "पेशी म्हणजे किल्ला. त्याचा दरवाजा फक्त यांनाच उघडतो! जनुक पाठीवर घेऊन आत शिरतात. रोज चार थेंब जिभेवर. ना सुई, ना इस्पितळ!"

गुडरुनच्या कपाळाला आठी पडली. ती फोल्करची बायको, शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. त्यांच्या सात वर्षांच्या लेनेच्या यकृतात एका जनुकाची खोट होती. चीजचा तुकडा जास्त झाला तरी रक्तात विष साठायचं. सोमवारी इस्पितळात तिला नव्या उपचाराची पहिली सलाइन लागणार होती. ती रद्द करा, असं अन्सगार सांगत होते, आणि फोल्कर पाघळला होता.

"इस्पितळवाले खात्री कुठे देतात?" तो कुजबुजला. "हे निदान छातीठोक बोलतात."

"तेच तर मला खुपतंय."

समोर हंगामाची नवी वाइन होती, अर्धवट आंबलेली, ताकासारखी गढूळ. द्राक्षं उतरली की गाव हीच पितं, कांद्याच्या केकबरोबर. गुडरुन उठली.

"अन्सगारसाहेब, बत्ती द्या बरं जरा."

"अहो बाई, ती नाजूक असते—"

"द्या की! खाणार आहेत का त्या?" म्हातारा एगॉन ओरडला.

गुडरुनने साध्या पाण्यात नव्या वाइनचे चार थेंब टाकले आणि बत्ती मारली. तीच लाल रेघ!

"अरेच्चा! मग एवढी वर्षं पिऊन माझ्या टकलावर केस का नाही उगवले?" एगॉन म्हणाला. हशा पिकला.

"दुधाच्या थेंबानेही हेच होईल," गुडरुन म्हणाली. "पाण्यात बारीक कण तरंगले की उजेड विखुरतो. कणांत काय आहे, हे बत्ती सांगत नाही. इस्पितळातले कण म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पुड्या. जनुकाचा निरोप उघडा सोडला तर रक्तातच त्याचे तुकडे होतात, म्हणून पुडीत बांधायचा. यकृताची पेशी पुडी गिळते, आत पुडी उलगडते, निरोप पोचतो. ती शिरेतूनच द्यावी लागते. पोटात गेली तर सॉसेजसारखी पचून जाईल. आणि ती कडक थंडीत जपतात. तुमची कुपी तर कोटाच्या खिशातून निघाली!"

अन्सगार काहीतरी पुटपुटत पेले आवरू लागले.

"डॉक्टर खात्री देत नाहीत, कारण ते रक्त तपासून बघणार आहेत," गुडरुन सगळ्यांना म्हणाली. "नाही जमलं तर तसं सांगतील. जो कधीच चुकत नाही म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. आणि चमत्कार दिसला की तो घरच्या पेल्यात करून बघा."

फोल्करचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गुडरुन, मी दुपारीच इस्पितळाला नको म्हणून कळवलंय गं."

गुडरुनला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने फक्त फोन त्याच्या हातात दिला.

"मग आता सांग, बाप फसला होता. लेकीची जागा ठेवा."

त्याने सगळ्या गावासमोर नंबर लावला. पलीकडून इस्पितळातल्या बाईंचा आवाज आला तेव्हा त्याला रडू फुटलं, तरी तो ते वाक्य पुरतं बोलला.

"कुणाला दिली नाही अजून," त्या म्हणाल्या. "सोमवारी घेऊन या तिला."