मोठ्या सिस्टरांचा चार्ज

आमच्या परिचारिका संघटनेच्या शाखेत कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. जी जिथे ड्यूटी करते, तेच तिचं नाव. उपाध्यक्षा म्हणजे आयसीयू, सहसचिव म्हणजे लेबर रूम आणि कार्यकारिणीतला एकुलता एक पुरुष म्हणजे ब्रदर. मी सचिव. जळिताच्या वॉर्डात असते म्हणून मला बर्न्स म्हणतात. आमच्या ह्यांच्या मते हे नाव माझ्या स्वभावालाही शोभतं.

अध्यक्षांना मात्र सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. रुग्णालयातून त्या कधीच निवृत्त झाल्या, संघटनेतून निवृत्त व्हायचं तेवढं राहून गेलं. दर वर्षी निवडणूक येते, दर वर्षी आम्ही अळीमिळी गुपचिळी करून बसतो आणि पुन्हा त्याच निवडून येतात. त्यात आमची घटना. ती लिहिणाऱ्याही नर्सच, त्यामुळे त्यांनी त्यात स्पष्ट घालून ठेवलंय की पुढच्या माणसाने चार्ज घेतल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. वॉर्डात हे ठीक आहे. तिथे पुढच्या पाळीची रिलिव्हर उशिरा का होईना, पण येते.

यंदा निवडणुकीच्या आदल्या दिवशी मोठ्या सिस्टरांच्या लेकीचा मला फोन आला. ती लांबच्या शहरात असते. दिवस भरत आलेले, बीपी वाढलेलं आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केलेली.

“मावशी, आईचं उद्या संध्याकाळचं तिकीट काढलंय मी,” ती म्हणाली. “पण ती म्हणते, अध्यक्ष मिळाला तर येते. मागचं तिकीटही याच पायी रद्द केलं तिने. तुमची संघटना थोडे दिवस आईला सोडेल का हो?”

“अगं सोडू ना, सोडू म्हणजे काय!”

“मी चिडून नाही बोलत मावशी. मला भीती वाटतेय.”

मी तिला भरपूर धीर दिला. सांगायला माझ्या बापाचं काय जात होतं? कोणीतरी दुसरी तयार होईल, एवढाच माझ्या ‘सोडू’चा अर्थ होता. घरी आमच्या ह्यांनी तर सभेला निघताना बजावलंच होतं, “हात वर करायचा नाही. डोकं खाजवायचं झालं तरी बाहेर जाऊन खाजव.”

सभा नर्सिंग शाळेच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत होती. तिथे एका पलंगावर रबरी पेशंट झोपवलेला असतो. विद्यार्थिनींनी टोचून टोचून त्याच्या दंडाची चाळण केली आहे, नाकात कायमची नळी आहे, पण चेहरा प्रसन्न. खोलीत दुसरीकडे जागा नसल्यामुळे आम्ही त्याच्याच भोवती खुर्च्या टाकून बसलो. नाइट करून थेट आलेली एक जण बसताक्षणी झोपली. तिचे डोळे उघडे होते, पण असं झोपणं आम्हाला सगळ्यांनाच येतं.

मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. कोपऱ्यात त्यांची प्रवासाची बॅग होती. तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “यंदा मला जायला हवं. कोण पुढे येतंय?”

सगळ्यांनी रबरी पेशंटकडे बघितलं.

“आयसीयू?”

“मी उपाध्यक्ष होतानाच सांगितलं होतं,” आयसीयू म्हणाल्या, “अध्यक्ष व्हायची वेळ आली तर मी उपाध्यक्ष होणार नाही म्हणून.”

“ब्रदर, तुम्ही?”

“बायकांच्या संघटनेत पुरुष अध्यक्ष, बरं दिसत नाही हो सिस्टर.”

“आणि स्टुलावर चढून बॅनर बांधताना बरं दिसतं?” मी म्हटलं.

“बॅनर बांधताना मी पाठमोरा असतो,” ब्रदर म्हणाले.

लेबर रूमला विचारायच्या आधीच ती कोणाचा तरी फोन आल्यासारखं करून दाराकडे सरकली. फोन तिच्या हातातही नव्हता. मग मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, हे मी सविस्तर सांगितलं. अगदी कोणता गुडघा तेसुद्धा. माझा मलाच राग येत होता, पण जीभ थांबत नव्हती.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मी कळवते लेकीला. तिच्या सासूबाई येतील आठवडाभराने, तोवर शेजारच्या बघतील.” त्यांनी पर्समधून फोन काढला आणि पुन्हा आत ठेवला. “फोन नंतर करते. आधी निदान काय काय चालू आहे ते तरी ऐकून घ्या.”

आणि त्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

आता हे नर्स नसलेल्या माणसाला समजावणं अवघड आहे. अनुभवी सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून चार्ज देतानाच्या त्या विशिष्ट आवाजात बोलायला लागली, की आमचे पाय आपोआप उचलले जातात. आम्ही सगळ्या उठलो आणि पलंगाभोवती उभ्या राहिलो. नाइटवालीसुद्धा.

“लसीकरण शिबिर. तब्येत स्थिर. हॉल मिळाला, औषधांचा साठा यायचाय. नव्या मुलींचं प्रशिक्षण. कालपासून अस्वस्थ आहे, शिकवायला येणाऱ्या बाईंनी ऐनवेळी नाही म्हटलंय, जवळून लक्ष ठेवावं लागेल. आपली पत्रिका. काहीच खात नाही. दोन महिने कोणी एक लेख भरवलेला नाही.”

“शिबिराच्या शीतपेट्यांचं काय?” मी विचारलं.

“आरोग्य केंद्रातून मागवल्यात. आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करायची, नाहीतर ते विसरतात.”

“प्रशिक्षणाला दुसरं कोण?”

“आयसीयूला येतं ते सगळं. मागे लागावं लागतं.”

“आणि काही राहिलंय?”

“पत्रिकेला आधी थोडं थोडंच द्या. कविता पचत नाहीत तिला.”

“बरं. कळलं सिस्टर. मी बघते, तुम्ही निघा.”

लेबर रूम दारातून परत आत आली. माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं, ते मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. ‘मी बघते, तुम्ही निघा.’ हे वाक्य मी ड्यूटी बदलताना रोज बोलते. आमच्यात मतदान, अनुमोदन, ठराव सगळं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. ते एकदा म्हटलं की पेशंट तुमचा.

“घेतला!” ब्रदर ओरडले आणि टाळ्या वाजवायला लागले. “बर्न्सने चार्ज घेतला!”

“अहो, सवयीने निघून गेलं!”

“सवयीनेच घेतात,” आयसीयू म्हणाल्या. इतक्या आनंदात मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “नाही. चुकून घेतलेला चार्ज मी धरत नाही. असा पेशंट टाकून जायची मला सवय नाही. बर्न्स, तू मोकळी आहेस. मी थांबते.”

म्हणजे माझी सुटका झाली होती, तीही खुद्द अध्यक्षांकडून. मी खाली बसायला हवं होतं. पण त्यांनी पुन्हा फोन काढला होता आणि त्यांच्या हाताला लेकीचा नंबर सापडत नव्हता. तो हात मी वर्षानुवर्षं पाहिलाय. सलाइन लावताना बाळाच्या डोक्यावर कोणाला सापडत नाही ती शीर तो हात एका फटक्यात पकडायचा. तो असा चाचपडताना पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते.

“मोकळी कशाची?” मी म्हटलं. “कानांनी ऐकलंय ना तुम्ही? मी बघते म्हटलंय. आता शुद्धीत सांगते, मी बघते. तुम्ही निघा!”

त्यांनी बॅग उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “त्या शीतपेट्या आदल्या संध्याकाळी...”

“जा!” आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो.

त्या बाहेर गेल्या. दार अर्धवट उघडंच होतं. व्हरांड्यात त्यांनी लेकीला फोन लावला. “येतेय गं मी, निघालेच. बाळ हलतंय ना? डॉक्टर काय म्हणाले?” उत्तर ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, “हलतंय ना नीट?” थोड्या वेळाने पुन्हा तेच. जन्मभर ज्यांनी हजारो नातेवाइकांना ‘एकदा सांगितलं ना, काळजी करू नका’ म्हणून बाहेर बसवलं, त्या मोठ्या सिस्टर तेच तेच विचारत भिंतीला टेकून उभ्या होत्या.

आयसीयू दार लावायला पुढे झाल्या. त्यांच्या आधी ब्रदर खुर्ची उचलून बाहेर निघाले होते.

“अहो, त्यांना उशीर होईल, कशाला बसवताय?” मी म्हटलं.

“गाडीला वेळ आहे,” ब्रदर हळूच म्हणाले. “पेशंटच्या आई आहेत. बसू द्या जरा.”