सिगारची पेटी आणि शिंप्याचं कपाट

सासऱ्यांनी जावयाच्या हाती काही विश्वासाने सोपवलं, असं बावीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. जावई शिंपी. मुलीने त्याच्यात काय पाहिलं, हे कोडं सासऱ्यांना अजून सुटलेलं नव्हतं. पण हृदयाच्या ऑपरेशनसाठी दीड महिना घराबाहेर काढायचा म्हटल्यावर त्यांनी आपली लाकडी पेटी आणून त्याच्या कापायच्या टेबलावर ठेवली. आत अकरा सिगार होत्या. जहाजावरच्या नोकरीत जमवलेल्या, आणि सासूबाई गेल्यापासून वर्षाला एकच ओढायची असा नेम.

शिंप्याने जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. त्याने मापांच्या वहीत सगळं लिहून घेतलं. पेटीतल्या स्पंजावर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही. ओलाव्याचा काटा सत्तरच्या आसपास राहिला पाहिजे. ऊन नको, फ्रीज तर मुळीच नको. दारातून वळून सासऱ्यांनी आणखी बजावलं, की कीड लागली तर सिगारची चाळण होते.

तेवढं एक त्याच्या डोक्यात घर करून बसलं. कीड म्हणजे काय, हे शिंप्याला वेगळं सांगायला नको. त्याने पेटी लोकरीच्या कापडांच्या कपाटात ठेवली आणि तिच्या आत चारही कोपऱ्यांत एकेक डांबराची गोळी टाकली. रोज आधी काटा बघायचा, मग सुईत दोरा. माझ्या तापातही इतक्यांदा थर्मामीटर पाहिला नव्हता, असं बायको म्हणायची.

सासरे घरी परतले त्या सकाळी तो सिगारच्या दुकानात शिरला, केवळ शाबासकीच्या आशेने. दुकानदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्यांपाशी कपाळाला हात लावला. सिगार शेजारचा वास पिऊन घेते, तो पुन्हा निघत नाही, म्हणाल्या. नव्या अकरा घेऊन गुपचूप भरून ठेवाव्यात, असं क्षणभर बिचाऱ्याच्या मनात आलं. पण तो तशीच पेटी घेऊन सासऱ्यांकडे गेला.

"बाबा, मी माती केली," तो म्हणाला, आणि गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी एक सिगार उचलून नाकाशी धरली. शिंपी बोलणी खायला मान खाली घालून उभा राहिला. पण बोलणी येईनात. त्याने वर पाहिलं, तर म्हाताऱ्याचे डोळे भरलेले.

"हा तुमच्या सासूबाईंच्या कपाटाचा वास," ते म्हणाले. "जन्मभर या वासावरून मी तिच्याशी भांडलो. कपाट रिकामं केलं, आणि तोही गेला."

आता या ओढता येणार नाहीत, असं शिंपी चाचरत म्हणाला.

"ओढायच्या कुणाला आहेत? डॉक्टरांनी आता बंदच केल्यात." त्यांनी सिगार जागेवर ठेवून झाकण अलगद लावलं. "गोळ्या विरतात हो, जावईबापू. दर महिन्याला येऊन बदलत जा. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."