समोरची जागा

सोनईचं सोंगी भजनी मंडळ दसरा उलटला की नवी पदं, नव्या पावल्या बसवायला घ्यायचं आणि पौष लागला की गावोगावी आठ-आठ दिवस मुक्काम टाकायचं. सकाळी देवळाच्या मंडपात गावकऱ्यांना पावली शिकवायची, संध्याकाळी कीर्तन झालं की सोंगं नाचायची, आणि शेवटच्या दिवशी काल्याला नवं पद. नवं पद जोडीनं नाचायचं. समोरासमोर, आरशात बघावं तसं.

बहात्तरच्या त्या कोरड्या साली सहादेवच्या समोर कुणी नव्हतं. त्याचा जोडीदार बन्सी ऊसतोडीला बेलापूरकडं गेला होता. सहादेव रोज मोकळ्या जागेकडं हात पुढं करून नाचायचा. कीर्तनात रंगलेली माणसं गहिवरायची, त्यांना वाटायचं, हा देवालाच बोलावतोय. देव भोळा, तोही उगी राहायचा.

बेलापूरच्या मुक्कामात काला एका दिवसावर आला तसे मंडळाचे बुवा गोरक्षनाथ म्हणाले, "सहादेवा, काल्याला समोर माणूस पायजे. न्हाईतर नवं पद सोडून देऊ."

"बन्सी हितंच हाय, बुवा. त्याला आणतो."

दुपारी तो तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांकडं, त्यांच्या झोपड्यांकडं, गेला. बन्सी मोळी बांधत होता. "आरं ये की! अंगभर उसाची कूस हाय, न्हाईतर मिठीच मारली असती."

"उद्या काल्याला ये. एवढं एक पद."

"उद्या आमच्या फडातल्या उसाच्या गाड्या भरायच्या हायत. आन ही एकटी काय करंल? नवरा-बायकूचा मिळून एक कोयता धरत्यात हितं. आता माझी जोडी हीच."

त्याची बायको मुक्ताबाई पाचटावरून उठली. "भावजी, च्या घेता का? गूळ हाय, दूध न्हाई."

सहादेवनं कोरा चहा घेतला. बन्सीनं नवी पावली कशी आहे हे विचारलंसुद्धा नाही. निघताना एवढंच म्हणाला, "दुसरा कुनी बघ, गड्या. मी काय आता परत येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव उतरल्या तोंडानं शिकवायला उभा राहिला. समोर गावची माणसं रांगेत होती. खांबाशी बसून लाह्या निवडणारी लंकाबाई बघत बघत हसली.

"सहादेवदादा, तुमच्यावानी एक बी नाचंना की वो! समदी त्या बन्सीवानी उजवा खांदा पाडत्यात. मागल्या साली बघितलाय म्या त्याला."

सहादेवनं रांगेकडं पाहिलं. माणसं समोर उभी राहून शिकत होती; त्यानं डावा पाय टाकला की त्यांचा उजवा पडे. आणि गिरकी मनासारखी येईना म्हणून तोच प्रत्येकाला, "आसं न्हाई, खांदा जरा पाड," असं म्हणत आला होता. पहिल्या मुक्कामाच्या खर्ड्यापासून बेलापूरपर्यंत त्यानं सगळ्यांना बन्सीच शिकवला होता.

"त्या छगनला घे," गोरक्षनाथ हलकेच म्हणाले. छगन म्हणजे रांगेतला, कापडाच्या दुकानातला मिशाळ गडी. सहादेवनं होकारार्थी मान हलवली.

काल्याला पद रंगलं. छगनचा पाय चुकला नाही, खांदा पडायचा तिथंच पडला. टाळांच्या गजरात माणसं नामघोष करत होती. सहादेव खाली पायांकडं बघत होता तोवर बरं होतं. वर बघितलं की घामानं डबडबलेली परकी मिशी दिसायची. तरी त्यानं पुढं केलेला हात या वेळी कुणीतरी धरला. उबदार, जाड हात. सहादेवनं तो पदाच्या शेवटपर्यंत सोडला नाही.

लाह्यादह्याचा प्रसाद खाऊन छगन त्याच्याकडं आला. "दादा, आता तुमची बाजू शिकवा की. हितल्या मानसांची जोडी लागाया नगं का?"

स्वतःची बाजू शिकवायची तर सहादेवला समोरच्या जागेवर उभं राहावं लागणार होतं. एवढ्या वर्षांत त्या जागेवर त्यानं पाय ठेवला नव्हता.

"तू हितं ये," तो म्हणाला, आणि मंडप ओलांडून पलीकडं गेला. उजवा पाय उचलताना तो अडखळला. छगन हसला, मग तोही हसला.

"टाळ धर," तो म्हणाला. "हळू घेऊ. मला बी ही बाजू नवी हाय."