बोटाचा ठेका

"सिस्टर, आज तुम्ही सिस्टर नाही," डॉक्टरीणबाईंनी मला दारातच बजावलं. "लेकीच्या उशाशी उभं राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही."

ज्या खोलीत माझं निम्मं आयुष्य गेलं, तिथे मी पाहुणी! पण उलट बोलले असते तर बाहेर जावयाशेजारी बसावं लागलं असतं, आणि त्याने काळजीपायी एव्हाना अर्धी बाटली पाणी अंगावर सांडलं होतं. मी गुमान लेकीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

सिझेरियन होतं. लेकीला कमरेखाली भूल, छातीपुढे हिरवा पडदा. तिला काहीच दिसत नव्हतं आणि मला सगळं दिसत होतं, हीच पंचाईत.

बाळ बाहेर आलं. रडलं नाही.

चिमणीने त्याला गरम दिव्याखालच्या टेबलावर घेतलं. चिमणी म्हणजे इथली आताची हेड सिस्टर. आवाज बारीक, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं, आणि काम शिकवलं तेही मीच. जन्मल्या जन्मल्या बाळाची परीक्षा असते: रंग, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावर तोंड वाकडं करतं का, आणि ठोके. एकूण गुण दहा. त्यातले ठोके बघायची आमची एक रीत आहे. एका हाताची दोन बोटं नाळेच्या मुळाशी धरायची आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत नाचवायचं, प्रत्येक ठोक्याला एकदा खाली. न बोलता सगळ्यांना कळतं. लेक लहानपणी घरभर माझी नक्कल करत फिरायची.

चिमणीने बाळाला खसाखसा पुसलं, पाठ चोळली. अंग निळसर, हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबणारे. तिचं बोट हवेत हलत होतं, पण सावकाश. फारच सावकाश.

"तीन," ती म्हणाली.

दहापैकी तीन! आमच्या घरात जावई सोडला तर आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं.

"आई, रडत का नाही गं?" लेकीने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही येतं. "रडेल हो, घाई काय आहे?" किती जणींना सांगितलंय! आज तोंडातून शब्द फुटेना.

तेवढ्यात चिमणीचं बोट थांबलं.

बोट थांबलं म्हणजे ठोके थांबले, दुसरा अर्थच मला सुचेना.

"चिमणे, बोट!" मी ओरडले. डॉक्टरीणबाईंनी टाके घालता घालता माझ्याकडे रागाने पाहिलं. चिमणीने मान वर केली नाही. तिच्या एका हातात बाळाच्या नाकातोंडावर धरलेला मास्क होता, दुसऱ्या हाताने ती हवेची पिशवी दाबत होती. तिसरा हात आणायचा कुठून? मास्क हातात आला की बोट विसरायचं, हे तिला मीच दरडावून शिकवलेलं. नवशिकीलाही कळावं ते मला कळलं नव्हतं.

कळलं तरी भीती काही जाईना. बाळाची छाती वर येत होती, खाली जात होती, पण ती चिमणीने दिलेली हवा होती. आत काही चालू आहे की नाही, ते सांगणारं बोट आता नव्हतं.

मग एक उचकी आली. मग बारीक कुरकुर. आणि मग नातीने असं भोकाड पसरलं की बाहेर जावयाची उरलेली बाटलीही सांडली असणार.

चिमणीने बोट वर केलं. भराभर, भराभर. "नऊ!" ती म्हणाली. "तळवे अजून निळे आहेत, म्हणून एक कापला."

"काप बाई, खुशाल काप," मी म्हणाले आणि डोळे पुसले.

लेक रडत होती, हसत होती. "मी नाही घाबरले हं, आई. तू उत्तर दिलं नाहीस, मग ओरडलीस, तरी तुझं बोट चालू होतं ना."

मी खाली पाहिलं. तिच्या खांद्यावर माझं बोट अजून ठेका देत होतं.

"चिमणीमावशीचं बघून देत होतीस ना? एकदाही थांबलं नाही."

"हो," मी म्हणाले. "तिचंच बघून."